सांगणाऱ्याचं नाव

खुडूक बसलेल्या कोंबडीला अंड्यांवरून उठवायचं तर तिला पाण्यात बुचकळावं लागतं, आणि तरीही ती चोच मारल्याशिवाय राहत नाही. गल्लीत मला 'खुडूक' म्हणतात ते दोन कारणांनी. एक तर अंडी उबवून पिल्लं विकणं हा माझा धंदा. दुसरं म्हणजे मी एकदा बसले की उठत नाही. हे नाव समोरच्या वेल्डरनं ठेवलं. तोंडावर मात्र तो 'वहिनी'च म्हणतो, कारण माझी चोच त्याला ठाऊक आहे.

घराच्या मागच्या खोलीत माझं उबवणीचं मशीन आहे. कपाटाएवढं. आत जाळीचे ट्रे, एक हीटर, एक पंखा, आणि दाराला काच. तीन आठवडे एकसारखी ऊब मिळाली की अंड्यातून पिल्लू बाहेर येतं. ऊब थोडी कमी झाली तर उशिरा येतं, फार वेळ कमी झाली तर येतच नाही. या धंद्याला लाईट पाहिजे, बाकी सगळं मी बघून घेते.

आणि लाईटचं म्हणाल, तर आमची गल्ली विजेच्या उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला टेकलेली आहे, म्हणून तिचं नावच पाठीमागची गल्ली. ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं ऐकत इथली पोरं झोपतात. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. शहरात वीज कमी पडायला लागली आणि भारनियमन आलं, तेव्हा पहिली बंद झाली ती आमची गल्ली. रोज दुपारी दोन ते चार. ते दोन तास मी आणि सासूबाई मशीनवर जुन्या रजया टाकून, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून कसेबसे काढतो.

आता यातली खरी गंमत ऐका. आमची लाईट घालवतो कोण? माझा नवरा. तो त्याच उपकेंद्रात ऑपरेटर आहे. दुपारपाळी असली की स्वतःच्या घराचा खटका स्वतःच्या हातानं पाडतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

त्याच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगायलाच हवी. वरच्या कार्यालयातून फोन येतो, 'अमुक भाग बंद करा.' हा ते वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. मग विचारतो, 'कोण सांगतंय?' पलीकडच्यानं स्वतःचं नाव सांगितलं की मगच हात खटक्याकडे जातो. पूर्वी एकदा एक वायरमन खांबावर चढलेला असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून प्रवाह सुरू झाला होता. माणूस गेला. चौकशीत सगळे म्हणाले, 'मी नाही सांगितलं.' तेव्हापासून हा नियम आला, आणि तो माझ्या नवऱ्याच्या हाडीमाशी भिनला. घरीसुद्धा मी म्हणते, 'येताना खाद्याचं पोतं आण.' तो म्हणतो, 'खाद्याचं पोतं, आणतो.' त्याला माझं नाव विचारायची हिंमत अजून झालेली नाही, एवढंच.

मध्यंतरी वीज कंपनीनं जाहीर केलं की यापुढे कुणाची लाईट किती वेळ बंद ठेवायची हे ठरवताना लोकांनाही विचारलं जाईल. समिती नेमली. कारखानदार, दुकानदार, दवाखाने यांची माणसं, आणि प्रत्येक वस्तीचा एकेक प्रतिनिधी. आमच्या गल्लीनं वेल्डरच्या दुकानात बसून आपला माणूस निवडला. मी म्हटलं, वेल्डरला पाठवा, भांडकुदळ आहे. सगळे म्हणाले, भांडण कशाला, विजेतलं कळणारा समजूतदार माणूस असला की साहेब लोक ऐकतात. आणि निवडलं कुणाला? माझ्या नवऱ्याला. ज्याला खुर्ची सोडून हलता येत नाही, ज्याचा पगार त्याच साहेबाच्या सहीनं होतो, त्याला पाठवलं साहेबाशी बोलायला. एवढी सरळ चूक आमची गल्लीच करू जाणे.

पहिल्या दोन बैठकांना तो पाळी बदलून जाऊन आला.

"काय बोललास?" मी विचारलं. मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते पहिली काही वर्षं खुपलं, आता त्याही त्याला माझ्याच भाषेत झाडतात.

"ऐकलं सगळं."

"ते झालं. बोललास काय?"

"बोलायची वेळ आली नाही. चहा चांगला होता."

तिसऱ्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. मशीनमधली अंडी अगदी शेवटाला आली होती. दुसऱ्या दिवशी ती फुटून पिल्लं बाहेर येणार होती. काचेला कान लावला तर आतून टकटक ऐकू येत होती. अशा वेळी मी घर सोडत नाही. पण प्रतिनिधीबरोबर एका माणसाला बसायची परवानगी होती, आणि नवऱ्याच्या जिभेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मशीन सासूबाईंवर सोपवलं आणि निघाले.

बैठकीचा हॉल असा, की बाहेर लख्ख दुपार आणि आत सगळे पडदे ओढून सगळे दिवे लावलेले. एसी एवढा, की मी पहिल्यांदा हात काखेत घातले. मधल्या लांब टेबलाला मोठी मंडळी, प्रत्येकापुढे नावाची पाटी, पाण्याची बाटली आणि स्वतःचा माइक. वस्त्यांचे प्रतिनिधी मागच्या रांगेत, आणि चौघांत मिळून एक माइक. अध्यक्षबाई पूर्वी कॉलेजच्या प्राचार्य होत्या. आवाज मऊ, चेहरा चांगल्या माणसाचा. मला त्या आवडल्या, हे आधीच सांगून ठेवते.

सचिव उभे राहिले. तरुण, चुणचुणीत माणूस. पडद्यावर शहराचा नकाशा आला, रंगीबेरंगी. आमची गल्ली फिकट करड्या रंगात, नीट बघितल्याशिवाय दिसूही नये अशी.

"या करड्या भागात दुपारचा वापर नगण्य आहे," सचिव म्हणाले. "त्यामुळे इथली कपात चारऐवजी रात्री आठपर्यंत वाढवली, तर कमीत कमी लोकांना त्रास होईल."

मला क्षणभर कळेच ना. मग कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. दुपारी तुम्ही लाईटच देत नाही, तर वापर कुठून होणार? ताटात वाढायचं नाही आणि म्हणायचं, याला भूकच नाही!

"हा प्रयोग आजपासूनच करावा असा प्रस्ताव आहे," सचिव पुढे म्हणाले. "सगळ्यांची मतं घेऊन चारच्या आत निर्णय झाला, तर उपकेंद्राला तसं कळवता येईल. नकाशे आणि वेळापत्रक छापून तयार आहेत."

वेळापत्रक छापून तयार, आणि मतं अजून घ्यायचीत. वरातीमागून घोडं याहून वेगळं काय असतं?

मी नवऱ्याच्या दंडाला धरलं. "आजपासून म्हणतायत. आठपर्यंत. अरे, उद्या फुटायचीत ती!"

"ऐकलं मी."

"मग बोल."

"माझा नंबर शेवटी आहे. नंबर आला की बोलतो."

खरंच बोलला असता का? मला वाटतं, बोलला असता. त्या दिवशी त्याचा चेहरा तसा होता. पण कारखानदारांच्या प्रतिनिधीचं भाषण चालू असतानाच त्याच्या खिशात फोन थरथरला. उपकेंद्रातला जोडीदार. आदल्या रात्रीपासून तोच खुर्चीवर होता, कारण सकाळपाळीवाला आजारी पडला होता. नवऱ्यानं त्याला आणखी थोडा वेळ थांबायची गळ घातली होती. आता तो म्हणत होता की डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, पॅनेलवरचे दिवे दोन-दोन दिसतायत, ये बाबा.

नवरा उठला.

"कुठे?" मी कुजबुजले.

"त्याला सोडवायला पाहिजे. दुसरा माणूस आल्याशिवाय त्याला उठता येत नाही."

"आणि इथून उठता येतं?"

तो वाकून माझ्याजवळ आला आणि पाळी बदलताना जसं एकमेकांना सांगतात, तशा आवाजात सांगायला लागला. "आपला भाग, दुपारी दोन ते चार बंद आहेच. त्यांना आठपर्यंत पाहिजे. त्यांचं कारण, वापर कमी. आपलं म्हणणं, वापर कमी नाही, वीज कमी. तुझं मशीन, वेल्डरचं दुकान, कोपऱ्यावरची शिवणाची मशीनं, पाण्याची मोटर. एवढं सांगायचं. चार्ज घेतला?"

"घेतला," मी म्हटलं. काय घेतलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

तो गेला. मी सरकून त्याच्या खुर्चीवर बसले आणि फोन ओठांशी धरून घरी लावला.

"आई, चारला लाईट येईलच असं नाही."

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कधी येईल?"

"आठला."

"मग तू ये ना. एकट्या माझ्यानं बाटल्या बदलून होत नाहीत. पाणी तापवू का रजया धरू?"

"इथे बोलायचंय. हा गेला ड्यूटीवर. मी आले तर आपल्या बाजूनं कुणीच नाही."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "बस मग. वेल्डरला हाक मारते, त्याचं दुकान बंदच आहे. पण बोलून ये हो. माझ्या लेकासारखी नुसता चहा पिऊन येऊ नकोस."

मग मी बसले. कारखानदार बोलले, दुकानदार बोलले, दवाखान्याचे डॉक्टर बोलले. सगळे छान बोलत होते आणि प्रत्येकाला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलत होते. डॉक्टरांचं म्हणणं तर मलाही पटलं. दवाखाना बंद ठेवा असं कोण म्हणेल? वीज कमी आहे हे मलाही कळतं. कुठेतरी बंद करावीच लागणार, आणि ज्याची बंद होईल तो ओरडणारच. पण ओरडायला त्याला वेळ तरी द्याल की नाही? भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते काचेचं दार, रजया आणि आत थंड होत जाणारे ट्रे.

शेवटी सचिवांनी मागच्या रांगेकडे बघितलं. वस्त्यांना एकेक मिनिट. तळ्याकडच्या वस्तीचे म्हातारे न्हावीकाका उठले, 'सगळं ठीक आहे' म्हणाले आणि बसले. त्यांचा भाग नकाशावर हिरवा होता.

"पाठीमागची गल्ली," सचिवांनी पुकारलं. "प्रतिनिधी?"

मी माइक ओढला. "हजर."

"प्रतिनिधी पुरुष आहेत असं दिसतंय."

"त्याची ड्यूटी लागली. तुमच्याच उपकेंद्रात. त्यानं चार्ज मला दिलाय."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. सचिवही हसले, कुत्सितपणे नाही, पण हसले. "ताई, असा चार्ज देता येत नाही. निवडून आलेली व्यक्तीच बोलू शकते. तुम्ही श्रोत्या आहात."

"मग त्यालाच बोलवा. तिथे दुसरा माणूस बसवा आणि त्याला इथे आणा. बैठक नेहमी दुपारीच का घेता? आमच्या गल्लीत दुपारी रिकामा बसलेला माणूस तुम्हाला—"

माइकचा लाल दिवा विझला. माझा आवाज एकदम माझ्याएवढाच उरला. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण त्या सचिवांच्या कानाशी काही बोलल्या, सचिवांनी मान हलवली आणि मोठ्यानं सांगून लिहून घेतलं, "प्रतिनिधी अनुपस्थित. हरकत नाही."

ज्याच्या तोंडावर हात ठेवलाय त्याची हरकत नाही! मी उभीच राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "बसा ताई." मी म्हटलं, "बसतेच आहे. आता उठणार नाही." आणि बसले. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून नकाशाकडे बघत राहिले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चार वाजले होते.

"उपकेंद्रातून आहे," सचिव म्हणाले आणि त्यांनी हौसेनं फोन स्पीकरवर टाकला. समिती थेट यंत्रणेशी जोडलेली आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून असेल.

"उपकेंद्र बोलतोय." माझ्या नवऱ्याचा आवाज साऱ्या हॉलभर घुमला. घरी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "पाठीमागची गल्ली, चारपर्यंत बंद होती. चार वाजले. पुढचा आदेश समिती देणार असं कळवलंय. सुरू करू, की बंद ठेवू?"

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "तुम्हीच त्या गल्लीचे प्रतिनिधी ना? बरं झालं. तुमचं म्हणणं काय आहे, सांगा. आम्ही ऐकतोय."

मी मनात म्हटलं, बोल रे बाबा. सगळा हॉल ऐकतोय, माइक कुणी बंद करू शकत नाही. बोल!

"मॅडम, मी ड्यूटीवर आहे," तो म्हणाला. "ड्यूटीवर असताना माझं म्हणणं नसतं. म्हणणं बायकोकडे देऊन आलोय."

"त्यांना अधिकार नाही हो."

"मग राहिलं. सुरू करू, की बंद ठेवू?"

"बंद ठेवा," सचिव म्हणाले.

"पाठीमागची गल्ली, बंद ठेवा. कोण सांगतंय?"

"समिती सांगतेय."

"समिती असं नाव चालत नाही, साहेब. सांगणाऱ्याचं नाव लागतं. नियम आहे."

सचिवांनी टेबलाभोवती बघितलं. आतापर्यंत प्रत्येक जण दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलत होता. आता कारखानदार बाटलीचं झाकण फिरवायला लागले. दुकानदारांच्या प्रतिनिधीला एकदम स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी सापडलं. डॉक्टर छताकडे बघत होते. सचिव तोंड बाजूला वळवून अर्धवट पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," स्पीकरमधून आवाज आला. "पुन्हा सांगा."

कुणी बोलेना. एसीची घरघर तेवढी. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. एका बाईला गप्प करणं सोपं आहे, पण 'माझ्या नावानं यांचं घर अंधारात ठेवा' असं म्हणायला यांच्यातल्या एकाचीही जीभ उचलत नाही. आता हा म्हणेल, आदेश नाही, सुरू करतो. म्हण ना. खटका तुझ्या हाताशी आहे.

"मी थांबलोय," तो म्हणाला. "सुरू करू, की बंद ठेवू? कोण सांगतंय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग फोन जवळ ओढून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. "मी सांगतेय," त्या म्हणाल्या. "बंद ठेवा. आठपर्यंत." एकही शब्द अडखळला नाही.

"पाठीमागची गल्ली, आठपर्यंत बंद," माझा नवरा म्हणाला, त्यांचं नाव त्यानं परत उच्चारलं आणि फोन ठेवला.

मी उठले. खुडूक पहिल्यांदाच आपणहून उठली. पाणी मारावं लागलं नाही.

घरी पोचले तेव्हा मागची खोली पाण्याच्या वाफेनं दमट झाली होती. सासूबाई आणि वेल्डर दोघंही घामाघूम. वेल्डरनं आपल्या दुकानातली जाड ताडपत्री मशीनभोवती गुंडाळली होती आणि हवेची भोकं उघडी ठेवायची अक्कलही दाखवली होती. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आठपर्यंत आम्ही तिघं बाटल्या बदलत राहिलो. तापमानाच्या काट्यावर ऊब उतरतच होती. फार गरम पाणी घातलं तर जवळची अंडी भाजतात, कोमट घातलं तर लांबच्यांना पोचत नाही. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "बोललीस का गं?" मी म्हटलं, "बोलले." पुढे काय झालं ते सांगितलं नाही.

नवरा पाळी संपवून आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यानं हाक मारली नाही. त्याचंही बरोबरच होतं.

सकाळी मशीन उघडलं. काही पिल्लं बाहेर आली होती, ओली, पायांवर धड उभी न राहणारी. नेहमीच्या मानानं फार थोडी. बाकीची अंडी आम्ही जमिनीवर चादर पसरून वेगळी करायला बसलो. टकटक करणारी एकीकडे, मुकी एकीकडे. मुक्यांचा ढीग वाढत चालला आणि माझा ताबा सुटला.

"वेळ संपली होती!" मी ओरडले. "चार वाजले होते. कुणी नाव सांगत नव्हतं. आदेशच नव्हता! खटका वर करायचा होतास. विचारत कशाला बसलास? हात दाखवून अवलक्षण!"

त्यानं हातातलं अंडं चादरीवर ठेवलं.

"दोनदा विचारलंस," मी म्हटलं. "एकदा विचारून गप्प बसला असतास तरी चाललं असतं. पण नाही. ती बाई बोलेपर्यंत विचारत राहिलास. स्वतःच्या पोटावर पाय देण्यासाठी माणूस एवढा आग्रह करतो?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याची बाजू घेतली नाही.

"अगं," तो हळू म्हणाला, "मला न विचारता बंद करतात, म्हणून मला राग येतो. तुलाही येतो. त्यासाठीच तू तिथे गेलीस ना? मग मी न विचारता सुरू करू?"

"हो! एकदा करायचं!"

"एकदा मलाही वाटलं," तो म्हणाला. "हात खटक्यावरच होता."

राग गेला नाही, तो अजूनही गेलेला नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही. खांबावरचा तो वायरमन मला आठवला. चार घरं सोडून राहायचा. त्याची बायको अजून तिथेच राहते, कोपऱ्यावरच्या शिवणाच्या मशीनवर बसते. काल दुपारी तिचंही मशीन बंद होतं.

"आजही चारला फोन करावा लागणार," थोड्या वेळानं तो म्हणाला. "प्रयोग चालू आहे, रोजचा आदेश रोज घ्यायचा."

"आणि ती पुन्हा आपलं नाव सांगेल."

"सांगू दे. रोज सांगू दे. रोज विचारीन."

"तोवर माझं मशीन भंगारात जाईल."

"जाईल कदाचित," तो म्हणाला. त्यानं मला खोटा धीर दिला नाही, आणि त्या क्षणी मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

मी मुकी अंडी टोपलीत भरायला घेतली. टाकून द्यायचीच होती. त्यानं माझ्या हातातून टोपली काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि एक अंडं उचलून कानाला लावलं. थांबला. बराच वेळ थांबला. मग ते बाजूला ठेवून दुसरं उचललं.

"मी पाहिलीत सगळी," मी म्हटलं. "गेलीत ती. काय करतोयस?"

"विचारतोय," तो म्हणाला.

सासूबाई दारातून पुढे आल्या आणि आमच्याजवळ जमिनीवर बसल्या. मीही एक अंडं उचललं. हाताला गार लागलं. कानाला लावलं आणि श्वास धरून बसले.